बॅटरीचं पाणी आणि आमच्या नणंदबाई

बायकांच्या पर्समध्ये काय काय असतं ते मी सांगायला नको. आमच्या नणंदबाईंच्या पर्समध्ये मात्र काचेचा पेला आणि गाडीच्या बॅटरीत घालायच्या पाण्याची बाटली असते. लग्नाला गेल्या तरी मांडवाच्या कडेचं ढेकूळ उचलणार, पेल्यात सोडणार आणि अक्षता मुठीत धरून बघत बसणार. ढेकूळ नुसतं ढासळलं तर ठीक. भोवती दुधासारखा ढग पसरला की म्हणणार, "फितूर हाय! पाण्याला जाऊन मिळाली."

शोभाताई हिंगोलीला माती तपासायच्या प्रयोगशाळेत आहेत. धरणाच्या बांधाला कुठली माती चालेल, ते त्या ठरवतात. लग्न केलं नाही. बघायला आलेल्या एका पाहुण्याला त्यांनी त्याच्याच शेतातली माती मागितली, तो परत फिरकला नाही. आता बोला!

गेल्या साली आमच्या गावाच्या वरच्या अंगाला तलाव मंजूर झाला. बांधाला आमच्या शेतातली माती घ्यायचं ठरलं. आमचे हे, म्हणजे ताईंचे थोरले भाऊ, मिशीला पीळ देत गावभर हिंडले. आणि ताईंनी ती माती नापास केली. सख्ख्या भावाची!

हे इरेला पेटले. पारावर गाव गोळा केलं, आमच्या विहिरीचं पाणी पेल्यात घेतलं आणि ढेकूळ सोडलं. पाणी नितळ राहिलं. गाव ताईंना हसलं.

ताई शांतपणे म्हणाल्या, "दादा, आपल्या विहिरीचं पाणी खारं हाय, ते मातीला धरून ठेवतंय. तलावात पावसाचं येणार. ते या बॅटरीच्या पाण्यावानीच गोडं."

हे उठून गेले. तेव्हापासून बहिणीशी बोलणं बंद. "तुझ्या नणंदेला सांग" असा सगळा कारभार माझ्या डोक्यावर.

मी मात्र मुद्दाम हिंगोलीला जाऊन आले. ताईंनी आमची माती नळकांड्यात ठोकून बसवली, मधून सुईएवढं भोक पाडलं आणि पाणी सोडलं. बघता बघता पाणी चहासारखं झालं. मग गोळा कापून दाखवला, तर त्या भोकात माझी करंगळी जात होती. बांध वरून धडधाकट दिसतो आणि आतून पोकळ होत जातो, असं त्या सांगत होत्या. बांधाखाली पहिलं घर आमचंच. अशी नणंद मिळायला नशीब लागतं, हे मी येऊन गावाला ठणकावून सांगितलं.

माती दुसरीकडून आली. यंदा तलाव भरला. सगळं गाव पाण्याची ओटी भरायला बांधावर चढलं. ताई काही दिसेनात. खाली बघते तर बांधाच्या पायथ्याला, पाझर बाहेर येतो तिथं, एकट्याच उकिडव्या बसलेल्या. ओंजळीत पाणी धरून निरखत होत्या. जवळ गेले तर वर न बघताच म्हणाल्या,

"वैनी, मलाबी घर हेच एक हाय. दादा बोलत न्हाई, तर सणासुदीला मी जाऊ कुठं?"

माझ्या मागोमाग हे कधी उतरून आले, कळलंच नाही. बहिणीसमोर बसले. विचारलं, "नितळ हाय का गं?"

ताईंनी मान डोलावली. हे वाकले आणि बहिणीच्याच ओंजळीतलं पाणी पिऊन टाकलं.

"दादा, तपासल्याबिगर काहून पेलास रे?" असं म्हणत ताई ओक्साबोक्शी रडायला लागल्या.