सगळे डाव्या पायाचे

भिंगारचे अण्णा लिलावातला माल कधी बघून घेत नसत. "आधी बघितलं की हिंमत जाती," म्हणायचे. लष्कराच्या जुन्या सामानाचा लिलाव निघाला, की हे इस्त्रीचा सदरा घालून सगळ्यांत पुढे, आणि ढिगाकडे पाठ करून हात वर. हात वर गेला की लगेच, "झालं काम!" काय काम झालं, ते घरी आल्यावर कळायचं. एकदा नुसती झाकणं निघाली. भांडी दुसऱ्याच कुणी नेली होती. घरात एकटा जीव, त्यामुळे बोलणारंही कुणी नव्हतं.

दुष्काळाच्या त्या साली आम्ही चौघं मॅट्रिक झालेली पोरं घरात बसून होतो. माझ्या घरी तर ठरलंच होतं, दसऱ्यापर्यंत काही जमलं नाही तर मुंबईला चुलत्याकडे जायचं, गोदीत हमाली करायची. मला जायचं नव्हतं. अजिबात नव्हतं! अण्णांना हे कुठून कळलं देव जाणे. चौघांना पकडून म्हणाले, आपण धंदा करायचा. कसला, ते लिलावात ठरेल.

लिलावात बूट ठरले. हातगाडीभर बूट, आणि सगळे डाव्या पायाचे! आम्ही कपाळाला हात लावला. लंगडी खेळणाऱ्या पोरींना विका, असा सल्लाही शेजाऱ्याने देऊन झाला. अण्णा मात्र एक तळ सोलून हातात उलटासुलटा करत बसले होते. एकदम ओरडले, "आरं, पालथा घातला की उजवाच हाय ह्यो! झालं काम!"

आणि खरंच झालं हो! तळ सोलायचे, निम्मे पालथे घालायचे, वरच्या कातड्याचे पट्टे ठोकायचे. पहिल्या जोडात उजव्या पायाला रबराच्या नक्षीच्या अशा गुदगुल्या होत, की अण्णा तो घालून खिदळत अंगणभर फिरले. मग आम्ही वर कातडं चिकटवलं. दुष्काळी कामावर माणसं तापल्या खडीवर अनवाणी उभी असत. त्यांनी चपला हातोहात उचलल्या. काष्टीच्या बाजारात तर आमच्याभोवती ही गर्दी! दसरा आला नि गेला, मुंबईचं नाव कुणी काढलं नाही. पुढे अण्णांनीच आम्हाला हाकललं. किती दिवस माझ्या अंगणात बसताल, आपापलं दुकान टाका, म्हणाले. आम्ही टाकली.

मग धंद्याच्या नादात तिकडे कुणी फिरकलंच नाही. एक दिवस कानावर आलं, अण्णांनी लिलावात माल आधी बघितला, हात लावून बघितला, मग बोली केली. मी तशीच सायकल हाणली.

अंगणात लष्करी तंबू उभा होता, अख्खी वरात मावेल एवढा. आत माठ, चार पाट आणि एकटे अण्णा.

"हे कशाला, अण्णा?"

"तुमी आलात तर सावली नको व्हय?"

मी बाह्या सरसावत विचारलं, काम काय आहे?

अण्णा जरा घुटमळले.

"काम न्हाई रं," म्हणाले. "बस जरा."