अन्सामावशीच्या तिखट शेवया

अन्सामावशीकडे खायला फुकट मिळे, पण खाल्ल्यावर साक्ष द्यावी लागे. ताटली रिकामी झाली की ती समोर उकिडवी बसे आणि विचारी, "देवाच्यान सांग, ह्या शेवयात अपमान वाटन्यासारकं काई हाय काय?"

"नाही" म्हटल्याशिवाय हातावर पाणी पडत नसे.

कारंजात आमचं घर तिच्या भिंतीला लागून. अमरावतीच्या इंग्रजी शाळेतून मी परत आले, त्याच्या दुसऱ्या सकाळी तिनं भिंतीवरून मला पाहिलं आणि म्हणाली, "ये. आधण ठेवतो." मला नाही म्हणता येत नाही, हे तिनं तेवढ्यात ओळखलं असावं. मी खाल्लं, साक्ष दिली, आणि नंतर रोजच जाऊ लागले. तिथं मला फार बोलावं लागत नसे.

"तुह्या इंग्रजीत याले काय म्हनतात?" तिनं एकदा विचारलं.

"काही म्हणत नाहीत. तिकडे हे नाहीच."

"मंग शिकली कायले येवढं?"

आमच्याकडे शेवया म्हणजे गोडच. उन्हाळ्यात बायका पाटावर वळतात, खाटेवर वाळवतात आणि सणावाराला दूध-गुळात शिजवतात. मावशी मात्र त्या कढईत लालसर भाजून घेई. मग तेलात मोहरी, कांदा, शेंगदाणे आणि मूठभर हिरव्या मिरच्या. त्यावर उकळतं पाणी, शेवया, झाकण. दारातला माणूस वहाणा काढून टेकतो न टेकतो तोच ताटली पुढे येई. "शेवई भिजली पायजे, पोहली नाई पायजे," एवढंच तिचं शास्त्र.

पोस्टमन, कासार, कापसाच्या जिनातले हमाल, सगळ्यांच्या साक्षी झाल्या होत्या. पलीकडच्या जैन शेठाणींसाठी तिनं कांदा वगळला, साक्ष वगळली नाही. एक पिंजारी "जराशी तिखट हाय" म्हणाला, तर तिनं त्याच्यापुढून अर्धी पिंजलेली गादी उचलून आत नेली. ती गादी पुढे कित्येक दिवस एका अंगानं फुगलेली आणि एका अंगानं चपटी होती. मावशी चपट्या अंगावर झोपायची.

हे सगळं कशासाठी, ते मला आईनं सांगितलं. मावशीची एकुलती लेक सरू किन्हीराजाला दिलेली. लग्नानंतर जावई पहिल्यांदा आला तो न कळवता, दिवसभराचा उपाशी. घरात ना दूध, ना गूळ. मावशीनं तिच्या हातचं सगळ्यात झटपट आणि तिच्या मते सगळ्यात चांगलं ते केलं. जावयानं ताटली पुसून खाल्ली आणि निघून गेला. मागून निरोप आला: जावयाच्या पहिल्या पानावर गोड नाही, मिरची वाढली, आता सरू माहेरी येणार नाही. खरंच तिला पुन्हा पाठवलं नाही. तिकडून कोणी काही कळवीना आणि मावशी कोणाला विचारीना. तिला फक्त साक्षी गोळा करायच्या होत्या.

एका दुपारी मी तिच्या ओट्यावर कोथिंबीर निवडत होते. जिनात कापूस उतरवून एक गाडीवाला पाणी मागायला थांबला. गाव विचारलं, तर म्हणाला, "किनीराजा."

 मावशीनं आधण ठेवलं.

पहिल्याच घासाला तो हसला. "आमच्या शेजारची सरूवयनी अस्सेच करते. तिचा नवरा दोन-दोनदा मागून खाते."

आता मावशी गल्ली डोक्यावर घेणार, असं मला वाटलं. तिनं चुलीतलं लाकूड मागं ओढलं. मग विचारलं, "मिरची येवढीच टाकते ते?"

"नाई. कमी. लेकराले झोंबते न."

"कोन्च्या लेकराले?"

"तिच्याच. पोरगी हाय. भिंत धरून चालते आता."

मावशीनं साक्ष न विचारताच त्याच्या हातावर पाणी घातलं. पाणी त्याच्या हातावर कमी आणि ओट्यावर जास्त पडलं.

"मी सरूची माय," ती म्हणाली. "जातानी गाडी रिकामी राह्यते काय?"

"रिकामीच."

"मंग मले बसव."

"मावशी," मी हळूच म्हटलं, "त्यांनी बोलावलेलं नाही."

"नसू दे. लेकरू झालं न. आता मले लेकीच्या घरी जेवता येते."

आमच्याकडे लेकीला मूल होईपर्यंत आई तिच्या घरचं पाणीसुद्धा पीत नाही. इतके दिवस ती का गेली नाही, ते मला तेव्हा कळलं.

"आणि हाकललं तर?"

"हाकलतीन तं हाकलतीन. पह्यले जेवतो."

तिनं लुगडं बदललं, कुलूप लावलं आणि किल्ली माझ्या हातात दिली. गाडी वळणावर गेली तेव्हा ती पुढे वाकून गाडीवाल्याला विचारत होती, पोरगी भिंत धरते ती कोणत्या हातानं.