जमादारची मान

लिफ्ट दुरुस्त करायची एकोणीस वर्षांची नोकरी सोडून आपण आता कुत्र्यांना मालिश करणार, असं लिफ्टवाल्याने जाहीर केलं तेव्हा त्याची बायको इस्त्री करत होती. तिने इस्त्री उभी केली आणि शांतपणे विचारलं, "कुत्र्यांनी बोलावलंय का?"

"अगं, सहा महिने रीतसर कोर्स केलाय मी. फक्त प्रमाणपत्र हातात यायचंय."

"आणि राजीनामा?"

"तो दिला."

बायकोने मग समोरच्या शर्टाच्या कॉलरवरून इस्त्री अशी काही दाबून फिरवली, की लिफ्टवाल्याने नकळत स्वतःची मान चाचपून पाहिली.

प्रमाणपत्राचं घोडं एका पत्रापाशी अडलं होतं. दहा कुत्र्यांना मालिश करायचं आणि 'कुत्र्यात सुधारणा झाली' असं दहाही ठिकाणांहून सहीशिक्क्यानिशी लिहून आणायचं, असा कोर्सचा नियम होता. नऊ पत्रं जमली होती. दहावं शनिवारी दुपारी बारापर्यंत पोचलं नाही, तर पुढच्या वर्षी पुन्हा श्रीगणेशा. तोवर घरात बसून इस्त्रीचे आवाज ऐकायचे.

लिफ्टवाला मुळातच चौकस. लिफ्ट अडकली की बाकीचे बटणं दाबत सुटायचे, हा भिंतीला कान लावून बसायचा. कुठे काय घासतंय ते कळेपर्यंत त्याला घास गोड लागत नसे. ज्या गोदामाची लिफ्ट तो वर्षानुवर्षं सांभाळत आला होता, तिथल्या राखणीच्या कुत्र्याबद्दलही त्याला असाच एक प्रश्न छळत होता. त्या कुत्र्याला सगळे जमादार म्हणत, तेही लांबूनच.

"हा डावीकडे का बघत नाही हो?" त्याने गुरुवारी वॉचमनला विचारलं.

"गरज काय? परवा टपालवाल्याची पँट उजवीकडूनच फाडली त्याने."

"पण डावीकडे बघायचं झालं तर अख्खा गोल फिरून येतो! बघा तरी."

वॉचमनने बघितलं आणि तोही चाट पडला. गोदामप्रमुखांची परवानगी लगेच मिळाली. "करा काय करायचं ते," ते खेकसले, "चावला तर आमच्या नावाने बोंबलू नका."

तोंडाला जाळी बांधलेल्या जमादारला लिफ्टवाल्याने घरून आणलेल्या सतरंजीवर झोपवलं. डाव्या कानामागे बोटांना एक टणक गाठ लागली. तासभर त्याने ती धीराने मोकळी केली. गुरगुरण्याचं हळूहळू घोरणं झालं. जाग आल्यावर जमादारने मान डावीकडे वळवली आणि तिथली भिंत तो बराच वेळ कौतुकाने बघत बसला. लिफ्टवाल्याला भरून आलं. सतरंजी त्याने जमादारलाच ठेवून दिली.

शुक्रवारी तो सही घ्यायला गेला, तेव्हा गोदामप्रमुख लालबुंद झाले होते.

"काय केलंत माझ्या कुत्र्याला? आल्यागेल्याला गेटपासून ऑफिसपर्यंत सोबत करतोय! टपालवाल्याच्या मांडीवर झोपला सकाळी!"

"म्हणजे सुधारणा झाली ना, साहेब?"

"सुधारायला ठेवलाय का त्याला? होता तसा चावरा करून द्या, मग सही."

आली का पंचाईत! गाठ सोडवायला शिकवलं होतं, बांधायला नाही. तरी लिफ्टवाला जमादारपुढे चार पायांवर उभा राहून गुरगुरला. जमादारने त्याचं तोंड चाटलं. त्याने जमादारचं भांडं हिसकावलं, तर जमादारने बाहेर सांडलेला पावाचा तुकडाही नाकाने त्याच्याकडे सरकवला.

"एक काम धड होत नाही कुणाकडून!" असं म्हणत प्रमुख डाव्या बाजूच्या वॉचमनवर ओरडायला वळले. मान वळली नाही, सगळी खुर्चीच गोल फिरली.

लिफ्टवाला सही विसरला. "साहेब, डावीकडे शेवटचं कधी बघितलंत?"

"त्याचा काय संबंध?" प्रमुख गरजले. मग बोटांवर मोजून म्हणाले, "झाली असतील तेरा वर्षं. का?"

अर्ध्या तासाने प्रमुख जमादारच्या सतरंजीवर घोरत होते आणि जमादार शेजारी बसून राखण करत होता. उठल्यावर त्यांनी डावीकडे पाहिलं. "अरे, इथे खिडकी आहे?" त्यांनी हसतहसत सही ठोकली. वॉचमनने लगे हात दोन दिवसांची रजा मागितली. त्यांनी चार दिली.

राहिला शिक्का. तो मालकांच्या कपाटात असायचा. शनिवारी अकराला लिफ्टवाला पोचला, तेव्हा ऑफिसात मालक एकटेच येरझारा घालत होते आणि जमादार कोपऱ्यात सतरंजीवर पडला होता.

"शिक्का हवाय?" मालक कडाडले. "माझ्या प्रमुखाने काल अख्ख्या गोदामाला सुट्टी दिली, आणि मग स्वतःही घेतली! इथे मी आणि हा कुत्रा, दोघंच! आधी त्या माणसाला होता तसा करून द्या, मग शिक्का!"

लिफ्टवाल्याने भिंतीकडे पाहिलं. घड्याळात सव्वाअकरा. त्याला बायको दिसली, इस्त्री दिसली, पुढचं अख्खं वर्ष दिसलं.

तेवढ्यात मालकांच्या डावीकडचा फोन वाजला. मालक पावलं टाकत उजवीकडून पूर्ण गोल फिरले आणि त्यांनी तो उचलला.

लिफ्टवाला घड्याळ विसरला. विचारायला त्याने तोंड उघडलं. पण त्याआधीच जमादारने एक जांभई दिली, तो उठला आणि त्याने सतरंजी मोकळी करून दिली.