मागच्या सीटवरचं बटण

भिकूभाऊंशी बोलायचं असेल तर त्यांच्या पाठीमागे बसावं लागतं. समोर बसलात तर ते तुमच्याकडे बघून हसतात, आत चहा सांगतात आणि गप्प राहतात. पाठीमागे जाऊन बसलात की त्यांची मान अर्धी डावीकडे वळते आणि गोव्यातल्या साखळीपासून पेडण्यापर्यंतच्या सगळ्या घरांची खबरबात बाहेर पडायला लागते. वाड्यावर नवीन माणूस आला की त्याला हे आधीच सांगून ठेवावं लागतं. एक विम्याचा एजंट अर्धी सकाळ त्यांच्यासमोर बसून गेला आणि जाताना मला म्हणाला, शेजारचे गृहस्थ मुके दिसतात, बिचारे.

दोष धंद्याचा आहे. भिकूभाऊ पायलट होते. आमच्याकडे पायलट म्हणजे मोटरसायकलवर मागे माणूस बसवून त्याला हव्या त्या गावी सोडणारा. पुढचं मडगार्ड पिवळं रंगवलेलं असलं की समजायचं, ही गाडी भाड्याची. साखळीच्या बसस्टँडबाहेर उभं राहून त्यांनी शाळामास्तर, सुईणी, खाणीवरचे कारकून आणि एकदा एक जिवंत बोकड नेला. ह्या सगळ्यांशी ते मान वळवून बोलले. त्यामुळे समोरच्याशी बोलायचं कसं, हे ते विसरून गेले असावेत.

धंद्याने त्यांचे कानही नेले. इंजिनाची फटफट, खाणीचे ट्रक आणि वारा, काय काय म्हणून कान सहन करणार? पण हे भिकूभाऊंना मान्य नव्हतं. त्यांचं म्हणणं असं की ऐकू त्यांना नीट येतं, लोकच हल्ली बारीक बोलतात. "पयलीं मनीस कसो बोलायचो! आता सगळे ओठातल्या ओठात," असं ते मला ओरडून सांगत. मी साखळीच्या हायस्कुलात भूगोल शिकवतो. माझा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जातो, पण भिकूभाऊंपर्यंत जात नाही.

आता त्यांच्या आयुष्यातली ती गोष्ट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यातूनच निघालं.

भिकूभाऊंच्या बायकोचं, शेवंतीवहिनींचं, माहेर कोरगावचं. एका वर्षी तिथल्या जत्रेला भिकूभाऊ वहिनींना मागे बसवून निघाले. अस्नोड्याला खाणीच्या ट्रकांची रांग लागली होती. गाडी थांबली. वहिनींची एक चप्पल वाटेत पडली होती, ती बघायला त्या खाली उतरल्या. नवऱ्याला सांगून उतरल्या. तेवढ्यात रांग हलली आणि भिकूभाऊ निघाले. कोलवाळचा पूल ओलांडला, पेडणं गेलं, कोरगाव आलं. सबंध रस्ताभर ते मान वळवून वहिनींशी बोलत होते. सासुरवाडीच्या अंगणात सगळा गोतावळा उभा होता. भिकूभाऊंनी गाडी थांबवली आणि मागे न बघता म्हणाले, "उतर गो."

कोणीच उतरलं नाही. मेहुण्याने मागच्या रिकाम्या सीटकडे बघितलं, मग भिकूभाऊंकडे बघितलं आणि विचारलं, "भावोजी, आमची शेवंती खंय?"

वहिनी एका पायात चप्पल घालून बसने घरी परतल्या होत्या. त्यांनी भांडण केलं नाही. एवढंच म्हणाल्या, "मी आता ह्या गाडयेर बसूची नाय." आणि नाही बसल्या. त्यानंतर दरवर्षी त्या जत्रेला एकट्याच बसने जात. भिकूभाऊ काही ना काही काम काढून घरी राहत. कोरगावात अजूनही कोणाचं काही विसरलं की 'भिकूची बायल', म्हणजे भिकूची बायको, म्हणतात, आणि हे त्यांच्या कानावर गेलं होतं. असल्या गोष्टी मात्र त्यांना बरोबर ऐकू येतात.

पुढे रिक्षा आल्या, घरोघरी स्कूटर आल्या, धंदा बसला. मोटरसायकल मांगरात, परसातल्या खोपीत, गेली. तिच्यावर झावळ्या पडल्या आणि आत उंदीर राहायला आले. गाडी पोर्तुगीज अमदानीत बोटीने आलेली, विलायती. टाकीवरचं कंपनीचं नाव केव्हाच उडालं होतं, म्हणून भिकूभाऊ तिला नुसतं 'मशीन' म्हणत. मुलगी लग्न होऊन गेल्यावर घरात दोघंच उरली, आणि एका सकाळी भिकूभाऊंनी मशीन बाहेर काढलं. ह्या वर्षी शेवंतीला मशीनवरूनच जत्रेला नेणार, असं त्यांनी जाहीर केलं.

वहिनी तांदूळ निवडत होत्या. त्यांनी मान वर केली नाही. "मी फाटीवरसून थांबा म्हणान सांगलंय तर तुमका आयकू येतला?" त्यांनी विचारलं.

भिकूभाऊंना ते ऐकू आलं नाही. मागून थांबा म्हटलेलं तुम्हाला ऐकू येईल का, हे मी त्यांच्या मागे जाऊन, दोन्ही हात तोंडाशी धरून पुन्हा विचारलं. त्यांनी मागची सीट हाताने झाडली. मग म्हणाले, "बटण बसयतंय."

योजना अशी होती. मागच्या सीटच्या बाजूला एक बटण आणि पुढे, स्पीडोमीटरच्या शेजारी, एक छोटा लाल दिवा. वहिनींनी बटण दाबलं की दिवा लागेल, म्हणजे थांबायचं. वहिनी म्हणाल्या, दिवा लागला तर बसेन, नाही लागला तर बस आहेच. आपल्याला ऐकू येत नाही हे भिकूभाऊंनी कबूल केलं नव्हतंच. बटण हे आधुनिक सोय म्हणून बसवायचं होतं.

इंजिन त्यांनी एका आठवड्यात सुरू केलं. इंजिन त्यांच्या हातातलं होतं. मग रंगकाम काढलं. टाकी, चौकट, बॅटरीची पेटी, बोल्ट, नट, बोल्टांच्या खालच्या चकत्या, जे जे लोखंड दिसलं त्याला त्यांनी रंग दिला. वाळला की पुन्हा दिला. मडगार्ड पिवळं आणि बाकी काळं कुळकुळीत. त्यात तोंड बघून दाढी करता आली असती, आणि एकदा त्यांनी केलीही. वाड्यावरची माणसं मुद्दाम बघायला येत. तिथपर्यंत सगळं बरं चाललं होतं.

मग आलं वायरिंग. जुन्या वायरी उंदरांनी खाल्ल्या होत्या, म्हणून सगळ्या नव्या आणल्या आणि दुकानात होत्या म्हणून सगळ्या लाल आणल्या. कुठली कशाची ते कळावं म्हणून भिकूभाऊंनी प्रत्येकीला कापडाची चिंधी बांधली. हेडलाइटला हिरवी, हॉर्नला जांभळी, बटणाच्या दिव्याला जरीची. जरीची चिंधी कुठून आली ते वहिनींना संध्याकाळी कपाट उघडल्यावर कळलं.

सगळं जोडून झालं. भिकूभाऊंनी कळ फिरवली. हेडलाइट लागला नाही, हॉर्न वाजला नाही, लाल दिव्याचं तर नावच नको.

वायरिंगबद्दल भिकूभाऊंचं एक तत्त्व होतं आणि ते येणाऱ्याजाणाऱ्याला मान वळवून सांगत. "करंट जाता कसो ता सगळे बघतत. घराक परत कसो येता, ता कोणूच इचारी नाय." एकदा ते हे सांगत असताना वहिनी मला म्हणाल्या, "करंटाची केदी काळजी. बायल अस्नोड्यार ऱ्हवली ती ऱ्हवली." हेही त्यांना ऐकू आलं नाही.

तत्त्व शंभर टक्के खरं होतं. मोटरसायकलला जायची वायर असते, यायची नसते. परतीची वाट म्हणजे गाडीची लोखंडी चौकटच. बॅटरीची एक तार चौकटीला जोडलेली असते आणि चौकटीतूनच वीज परत येते. पण लोखंड लोखंडाला टेकलं तरच ती येते. भिकूभाऊंनी प्रत्येक सांध्यात रंग भरून ठेवला होता. परतीच्या वाटेबद्दल रोज प्रवचन करणाऱ्या माणसाने ती वाट स्वतःच्या हाताने बंद केली होती, आणि ते त्यांच्या लक्षात येत नव्हतं. माझ्याही आलं नाही. भूगोलात हे नसतं.

त्यांनी वायरी सोडल्या आणि पुन्हा जोडल्या. डायनामो खोलला. रेग्युलेटर खोलला. मला रोज शाळेतून आल्यावर बल्ब धरून उभं राहावं लागे आणि तो लागला नाही हे ओरडून सांगावं लागे. वाड्यावर प्रत्येकाचं मत होतं. कोणी म्हणे बॅटरी मेली, कोणी म्हणे नजर लागली. जत्रा जवळ येत चालली. वहिनींनी बसने जायची पिशवी काढून उन्हात घातली. ती पिशवी बघून भिकूभाऊ जेवले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते सातेरीच्या देवळात कौल लावायला गेले. मीही गेलो. आमच्याकडे लग्न, जमीन, आजारपण, काहीही अडलं की देवीला कौल लावतात. मूर्तीला ओल्या पाकळ्या चिकटवायच्या आणि वाट बघायची. उजवीकडची पडली तर एक उत्तर, डावीकडची पडली तर दुसरं. गुरवाने गाऱ्हाणं घातलं. "आई सातेरी, ह्या तुज्या लेकराच्या मशीनाचो करंट अडाकलो आसा. डायनामोत आसात तर उजवो दी. रेग्युलेटरात आसात तर डावो दी."

"व्हय म्हाराजा," आम्ही म्हणालो.

पाकळी पडली नाही. ना उजवी, ना डावी. आम्ही बसून राहिलो. गुरवाने पुन्हा विचारलं. तरी नाही. शेवटी तो म्हणाला, "भिकू, देवी दोनूय नाय म्हणता." भिकूभाऊंनी त्याचा अर्थ देवी रागावली असा घेतला, नारळ ठेवला आणि घरी येऊन दोन्ही वस्तू पुन्हा खोलल्या.

गाडी दुरुस्त झाली ती पडल्यामुळे. एका सकाळी भिकूभाऊ मागे विहिरीवर आंघोळ करत होते. अंगणात मशीन स्टँडवरून घसरलं आणि पायरीच्या चिऱ्यावर आडवं झालं. बॅटरीची तार जिथे चौकटीला जोडली होती, तो बोल्ट चिऱ्यावर घासला, रंगाचा पोपडा उडाला आणि तार आतल्या उघड्या लोखंडाला टेकली. हँडल पायरीवर दाबलं गेलं होतं, आणि हॉर्नचं बटण त्याखाली होतं.

हॉर्न जो वाजायला लागला तो थांबेना. माझ्या बायकोच्या हातातलं भांडं पडलं. अख्खा वाडा अंगणात जमला. कुत्री ओरडायला लागली. आंघोळ आटोपून, टॉवेल गुंडाळून, भिकूभाऊ सावकाश घराला वळसा घालून आले. एवढी गर्दी बघून त्यांचा चेहरा पडला. "कोण गेलो?" त्यांनी विचारलं.

वहिनींनी बोट दाखवलं. भिकूभाऊ मशीनजवळ बसले आणि त्यांनी हॉर्नवर तळहात ठेवला. 

"वाजता," ते म्हणाले. "बारीक वाजता."

मग त्यांनी त्या बोल्टाकडे बघितलं आणि त्यांना सगळं कळलं. ते उठून आत गेले. सुरी घेऊन आले आणि जिथे जिथे सांधा होता तिथे तिथे आपल्याच हाताने दिलेला रंग खरवडत बसले. संध्याकाळी हेडलाइट लागला. वहिनींनी बटण दाबलं आणि लाल दिवा लागला. भिकूभाऊ मला म्हणाले, "देवीन सांगलेला मास्तर. दोनूय नाय म्हणान."

जत्रेच्या दिवशी वहिनी नवी साडी नेसून मागे बसल्या. एक हात कॅरिअरला धरलेला, दुसऱ्या हाताचं बोट बटणाजवळ. मलाही स्कूटरवरून मागोमाग यायला सांगितलं होतं. हे वहिनींनी सांगितलं होतं. "मी पडलंय तर कोण तरी उचलूक जाय," त्या म्हणाल्या. निघण्याआधी दिवा दोनदा लावून बघितला. लागत होता.

अस्नोडं मागे गेलं आणि थोड्याच वेळात भिकूभाऊंनी एका काजूच्या बागेशी गाडी बाजूला घेतली. मी थांबलो. ते खाली उतरले होते, पिशवीतून पेचकस काढला होता आणि लाल दिव्याचं झाकण खोलत होते.

"काय झालं?" मी ओरडलो.

"दिवो लागना नाय. अस्नोड्यापासून बघतंय. एकदाय लागाक नाय."

वहिनी सीटवरच बसल्या होत्या. "मी दाबूकच नाय," त्या मोठ्याने म्हणाल्या. मी ते आणखी मोठ्याने म्हटलं.

"कित्याक नाय?"

"कित्याक दाबू? थांबूचा काय कारण? बरे चललात मरे."

भिकूभाऊंनी पेचकस खाली केला. ते वळले. मान नव्हे, सगळेच्या सगळे वळले आणि वहिनींच्या समोर उभे राहिले. इतक्या वर्षांत मी त्यांना कोणाच्या समोर उभं राहून बोलताना बघितलं नव्हतं.

"तू दाबी नाय तर माका कसा कळतला तू आसस म्हणान?" ते म्हणाले. "तेव्हां कोरगावाक पावापर्यंत मी तुज्याकडे बोलत होतंय. तू नाय होतंस. तेच्या मागसून घरात सुद्दा, मी बोलतंय तेव्हां माका कळना नाय तू आसस काय नाय. माका भंय दिसता गो."

आवाज मोठा होता, त्यांचा नेहमीचाच. बागेत काम करणाऱ्या दोन बायका उठून बघायला लागल्या. मला कुठे बघावं कळेना, म्हणून मी माझ्या स्कूटरचा आरसा पुसला.

 वहिनींनी भिकूभाऊंच्या हातातला पेचकस काढून घेतला, पिशवीत टाकला आणि हाताने पुढे बसायची खूण केली. ते बसले आणि त्यांनी गाडी सुरू केली. वहिनींनी बटणावर बोट ठेवलं आणि दाबलं. पुढे लाल दिवा लागला असावा, कारण भिकूभाऊंनी लगेच गाडी थांबवायचा पवित्रा घेतला. वहिनींनी त्यांच्या पाठीवर थाप मारली. चला.

ते निघाले. मी मागे होतो. वहिनींनी बोट काढलं नाही. वळणावर काढलं नाही, खड्ड्यात काढलं नाही. इतका वेळ दिवा जळला तर जुनी बॅटरी उतरेल, असं माझ्या मनात आलं, पण मी काही ओरडलो नाही. भिकूभाऊंची मान डावीकडे वळली होती आणि ते बोलत होते.

कोलवाळच्या पुलावर वारा होता. वहिनींचा पदर खांद्यावरून सुटला आणि नव्या साडीचा काठ मागे माझ्यापर्यंत फडफडायला लागला. पदर आवरायला एक हात लागतो. त्यांचा एक हात कॅरिअरला होता आणि दुसरा बटणावर. त्यांनी पदर उडू दिला.