अकोल्याचं टेबल

शनिवारी सकाळी साडेदहाला देवरावकाकांचा अकोल्याहून फोन आला तेव्हा दीपमाला उभीच होती. काकांच्या वधू-वर केंद्रात लागल्यापासून ती खुर्चीत नीट बसलीच नव्हती. आई संध्याबाईंशी तिचा करार होता: तीन महिन्यांत नोकरी पक्की झाली तर लग्नाचा विषय बंद. नाही झाली तर तिचाही बायोडाटा याच केंद्रात. म्हणजे ज्या संगणकात ती दिवसभर लोकांची स्थळं भरत होती, त्यातच एक ओळ तिची.

तीन महिने सोमवारी भरणार होते.

"दीपमाला, ते अकोल्याचं टेबल आजच्या आज ड्रॉप करून टाक."

ती दचकली. संगणकात टेबल म्हणजे माहितीचा तक्ता. 'अकोला' या टेबलात उद्याच्या बौद्ध वधू-वर परिचय मेळाव्याची एकशे चाळीस मुलंमुली होती. आणि ड्रॉप म्हणजे तक्ता मुळासकट नाहीसा. क्लासमधल्या सरांनी हा शब्द शिकवताना आवाज खाली आणला होता.

"काका, ड्रॉपच करू? नुसतं खाली करू का?"

"खाली कावून करतं? भरलंच ड्रॉप कर."

"आतमधलं काही ठेवायचं नाही?"

"आतमधलं आतच राहू दे. हात नको लावू."

"मंग वापस नाही येणार ते, काका."

"वापस कोनाले पायजे? कालच माह्या गुडघ्याले लागलं. डोकं खाल्लं त्या टेबलानं!"

फोन बंद. टेबलाने काकांचं डोकं खाल्लंय हे तर खरंच होतं. दोन मुलींची नावं त्यात दोनदा पडली होती. गुडघ्याचं काय ते तिला कळलं नाही. मोठी माणसं बोलतात काहीही.

ड्रॉप टेबल अकोला

अर्धविराम. हा टाकल्याशिवाय आज्ञा पूर्ण होत नाही. दीपमालाने खिडकीपर्यंत एक फेरी मारली. परत आली. टाकला.

;

एंटर.

तेवढ्यात झाडू घेऊन बेबीताई आत आल्या. "गेलं वं बाई अकोल्याचं टेबल."

"हो ताई. एका सेकंदात."

"एका सेकंदात? सकाळी तू याच्या आंधी चार मानसं लागली! कुंदनच्या टेम्पोत चढता चढेना."

दीपमालाने दाराकडे पाहिलं. दाराजवळ आठवडाभर एक सागवानी टेबल सगळ्यांच्या गुडघ्यांना लागत होतं. मेळाव्यात नावनोंदणीसाठी काकांनी ते मुद्दाम घेतलं होतं. आता तिथे चार पायांचे चार ठसे होते. तिने घाईघाईने संगणकातला तक्ता परत मागवून पाहिला.

सिलेक्ट सगळं फ्रॉम अकोला;

'असे टेबल अस्तित्वात नाही.'

सिलेक्ट सगळं फ्रॉम अकोला;

'असे टेबल अस्तित्वात नाही.'

तिसऱ्यांदा तिने हळू टाइप केलं. उत्तर तेच.

दुसरी प्रत नव्हती. "दुसरी कशाले? हे काय कमी हाय?" असं काकाच म्हणाले होते.

"बेबीताई, लोकांनी भरलेले कागदी फॉर्म कुठी आहेत?"

"त्या टेबलाच्या खणात. मीच कोंबले काल. किल्ली हे का माह्याजवळ."

"कुंदनदादाले फोन करा!"

"लावला न. उचलत नाही. मूर्तिजापुराले आलूबोंडा खात असन."

दीपमालाने लॅपटॉप पिशवीत घातला, बेबीताईंनी किल्ली पदराला बांधली, आणि दोघी एसटीत. दीपमाला रिकाम्या सीटशेजारी उभी राहिली. बडनेरा. उभीच. मूर्तिजापूर. उभीच. कंडक्टर म्हणाला, "मॅडम, बसा न, गाडी तुमच्यानं नाही, डिझेलनं चालते."

अकोल्यात मेळाव्याच्या हॉलचे मालक उत्तमराव दारातच भेटले.

"टेबल? आलं न. लय कामाचं टेबल हाय, बावा. स्वयंपाकात लावलं."

आत जाऊन पाहतात तर सागवानी टेबलावर कांद्याचा डोंगर, आणि डोंगरामागे सुरी घेतलेल्या स्वयंपाकीण साधनाताई.

"ताई, सरका! या खणात एकशे चाळीस पोरंपोरी हायेत!" बेबीताई पदराची किल्ली सोडत ओरडल्या.

साधनाताईंनी सुरी खाली ठेवली आणि दोन पावलं मागे सरकल्या.

क्रिएट टेबल अकोला (नाव, वय, शिक्षण, नोकरी, अपेक्षा);

कांदे बाजूला सारून दीपमालाने तिथेच मांडणी केली. बेबीताई फॉर्म वाचत होत्या, ती भरत होती. अपेक्षांना तिने वीस अक्षरं दिली होती. पहिल्याच मुलाने लिहिलं होतं, नोकरीवाली पाहिजे, पण नोकरी सोडायला तयार पाहिजे, पण सरकारी असेल तर सोडू नये. संगणकाने नकार दिला.

अल्टर टेबल अकोला. अपेक्षा शंभर अक्षरं.

पुढच्या मुलीच्या आईने कागदाची मागची बाजूही वापरली होती.

अल्टर टेबल अकोला. अपेक्षा हजार.

साडेपाचला एकशे चाळीसावं नाव गेलं. फॉर्मांना कांद्याचा वास, डोळ्यांना धार. नेमके तेव्हा देवरावकाका आत आले.

"रडून कावून राहिली?"

"कांद्यानं," ती म्हणाली. मग म्हणाली, "नाही, काका. कांद्यानं नाही." आणि तिने सगळं सांगून टाकलं.

काकांनी टेबलाला हात लावून पाहिला.

"अवं, ड्रॉप म्हणजे गाडीत घालून पोचवणं! आमच्या सुगतले मी रोज कॉलेजात ड्रॉप करतो का नाही?"

दीपमालाला क्षणभर सुगतची काळजी वाटली.

"मंग आता? भरलं सगळं?"

"एकशे चाळीस."

"एकशे एक्केचाळीस," बेबीताई म्हणाल्या. खणाच्या तळाशी एक फॉर्म चिकटला होता. त्यांनी तो सोडवून मोठ्याने वाचला. "नाव, दीपमाला. वय, तेवीस. अपेक्षा, बसून जेवेल असा."

अक्षर आईचं होतं.

"तुही माय पहिल्याच आठवड्यात देऊन गेली," काका खाली पाहत म्हणाले. "मी मनलं, तीन महिने पाहू. म्हणून गठ्ठ्याच्या तळाले ठेवला."

दीपमालाने तो फॉर्म हातात घेतला.

"सोमवारी नोकरीचं पक्कं पत्र घेऊन जाशीन," काका म्हणाले. "आणि हा फॉर्म ड्रॉप करून टाक."

दीपमाला हललीच नाही. सकाळपासून तिला एवढं तरी शिकायला मिळालं होतं.

"काका, तुमचा ड्रॉप का माहा?"

"तुहा, बाई, तुहा! माहा केला त तुह्या मायच्या घरी पोचन तो."

मग ती खुर्ची ओढून बसली.