फॅमिली रूममधला एक जून

कुटुंबसंस्था शांततेवर उभी असते, आणि ती शांतता बहुतेक वेळा वाटी पडल्याने मोडते.

मे महिन्याच्या अखेरीस एका दुपारी देवळाली प्रवऱ्याजवळच्या एका वस्तीवर अशीच शांतता नांदत होती. बाळ गोरक्ष झोळीत झोपला होता. सासूबाई बनुबाई ओसरीवर भिंतीला टेकून डुलकी घेत होत्या. कोंबड्यासुद्धा सावलीला गप्प होत्या. राही घासलेली भांडी फडताळात लावत होती. तेवढ्यात तिचा नवरा मच्छिंद्र दारात आला आणि हळूच म्हणाला, "एक तारखेला माझा वाढदिवस हाय. श्रीरामपूरला हॉटेलात जाऊ. तू अन् मी."

वाटी पडली. फडताळातून चुलीपाशी, चुलीपासून उंबऱ्यावर, उंबऱ्यावरून ओसरीवर गडगडत गेली आणि बनुबाईंच्या पायाशी गोल गोल फिरून निजली. मग बाळ उठलं, बनुबाई उठल्या, कोंबड्या उठल्या. विषय तेवढा बसला.

"काय पडलं गं?" बनुबाईंनी विचारलं.

"वाटी, आत्याबाई."

"वाटी मला दिसती. तिच्या आधी काय पडलं? मच्छिंद्र कायतरी बोलला."

येथे थोडी पार्श्वभूमी देणे आवश्यक आहे. मच्छिंद्र एका साखर कारखान्याच्या शेतकी खात्यात कारकून होता. सन एकाहत्तरचा गळीत हंगाम संपलेला असल्याने कारखान्यात परिपत्रके काढायला भरपूर सवड होती. पुण्याहून नव्याने आलेल्या कल्याण अधिकाऱ्यांनी त्या सवडीचा सदुपयोग करून असे परिपत्रक काढले, की प्रत्येक कर्मचाऱ्यास त्याच्या वाढदिवशी दुपारनंतर सुट्टी मिळेल. मात्र ती त्याने कुटुंबासह बाहेर जाऊन आनंदात घालवावी. (घरी झोपून घालवल्यास ती आनंदात धरली जाणार नाही.) पुण्यात माणसे वेगवेगळ्या दिवशी जन्मतात, त्यामुळे अधिकाऱ्यांना यात काही धोका दिसला नाही.

आमच्या भागात मात्र राधाकृष्ण गुरुजी होऊन गेले होते.

गुरुजी हे कालगणनेच्या क्षेत्रातले थोर सुधारक. पोराचं नाव घालायला आईबाप शाळेत येत, तेव्हा त्यांच्याजवळ तारीख सोडून सगळी माहिती असे. "नदीला पानी आल्तं, तेच्या पुढल्या साली." "म्हैस चोरीला गेली तवा ह्यो पोटात हुता." "थोरल्या मामाच्या हळदीला ह्यो रांगत हुता." एवढ्यावरून तारीख काढायला ज्योतिषी लागतो, आणि शाळेला ज्योतिषी मंजूर नव्हता. तेव्हा गुरुजींनी गावातली सगळी पोरं एक जूनला जन्माला घातली. शाळा जूनमध्ये उघडते, पोरगं त्याच दिवशी सहा वर्षांचं भरतं, कुणाला बोटं मोडावी लागत नाहीत. (गुरुजींची स्वतःची तारीखही एक जूनच होती, कारण त्यांचे गुरुजीही तितकेच कार्यक्षम होते.) यात त्यांनी जात पाहिली नाही की धर्म. बागवान गल्लीतला अलीम आणि वस्तीवरचा मच्छिंद्र एकाच घटकेला जन्मले. जी समता भाषणांनी यायची नाही, ती गुरुजींनी टाकाच्या एका फटकाऱ्यात आणली.

बनुबाईंना हे मान्य नव्हतं.

"एक जून? आरं, बाजरीची खुरपनी चालली हुती. मी पात धरून हुते, अन् तितंच कळा सुरू झाल्या. जूनमधी कुठं खुरपनी अस्ती?"

"आई, दाखल्यावर तसं हाय."

"दाखल्यावर आसंल. पन मी तितं हुते ना!"

प्रत्यक्षदर्शीचा पुरावा सरकारदरबारी टिकत नाही, हे त्यांना कोण सांगणार? पण त्यांची खरी हरकत तारखेला नव्हतीच. ती "तू अन् मी" या तीन शब्दांना होती. नवराबायकोने मिळून घराबाहेर पडण्याची मान्य कारणे त्या काळी ठरलेली होती: कुणी वारणे, कुणी आजारी पडणे, देवाचा नवस, आणि बाळाला टोचून आणणे. यात जेवण नव्हतं. घरात चूल पेटती असताना बाहेर जाऊन जेवणे म्हणजे चुलीचा अपमान, आणि चूल सासूची.

"बाहेर जेवाया घरात काय सुतक हाय व्हय?" त्यांनी विचारलं. उत्तराची वाट मात्र पाहिली नाही.

राहीने ओसरीवरची वाटी उचलली. बोलण्यासारखं तिच्याजवळ एकच होतं, आणि ते सांगता येण्यासारखं नव्हतं. लग्नाला तीन पावसाळे झाले होते, बाळ रांगायला लागलं होतं, पण नवरा जेवताना समोरून कसा दिसतो हे तिला माहीत नव्हतं. वरून माहीत होता. वाढताना त्याच्या डोक्यावरचा भोवरा तिने इतक्यांदा पाहिला होता, की नुसत्या भोवऱ्यावरून तिने त्याला जत्रेत ओळखला असता. आधी पुरुष जेवत, मग पोरं, मग बायका. आणि तिची भाकरी मोडेस्तोवर तो कारखान्याच्या वाटेला लागलेला असे. त्याच्यासमोर बसावं आणि दोघांनी एका वेळी घास घ्यावा, एवढंच तिला पाहिजे होतं. श्रीरामपूरच्या त्या हॉटेलात फॅमिली रूम आहे, तिला पडदा आहे, टेबलाच्या अलीकडे एक खुर्ची आणि पलीकडे एक, हे तिने ऐकलं होतं.

आणखी एक गोष्ट होती. परवा मोगऱ्याला पाणी घालताना गोरक्ष तिच्या कडेवरून स्पष्ट "बा" म्हणाला होता. तिने ते कुणालाही सांगितलं नव्हतं. फॅमिली रूमसाठी राखून ठेवलं होतं.

अखेर मार्ग निघाला, तो बाळामुळे. बाळ ही अशी वस्तू आहे की तिच्यामुळे कुठे जाता येत नाही आणि तिच्याशिवायही कुठे जाता येत नाही. बाळ अंगावर पितं, सबब ते आईबरोबर जाणार. बाळाला बाहेरची नजर लागते, सबब नजर काढणारी आजी बरोबर जाणार. आजी म्हातारी, तिला बसमधून उतरताना हात द्यायला कुणीतरी पाहिजे, सबब थोरल्या जावेची पाच वर्षांची छबू जाणार. आणि एवढी सगळी जाणार म्हटल्यावर पिशव्या धरायला पुरुषमाणूस पाहिजे, सबब मच्छिंद्रलाही घेण्यात आलं.

बाळाचं सामान फार नव्हतं: लंगोट, दुपटी, झोळी बांधायची दोरी, काजळाची डबी, गुटीची सहाण, गुटी उगाळायची मुळ्यांची पुरचुंडी, मऊ भाताचा डबा, घरच्या विहिरीचं पाणी (परगावचं बाधतं), नजरेसाठी मीठ-मोहऱ्या, आणि उशाला ठेवायचा अडकित्ता. अडकित्ता मच्छिंद्रच्या इस्त्रीच्या सदऱ्याच्या खिशात ठेवला. मोठ्या माणसांचं सामान काहीच नव्हतं.

एक जूनला ऊन असं होतं की एसटीच्या पत्र्याला हात लावता येत नव्हता. बसमध्ये चढल्याबरोबर मच्छिंद्रला शेतकी खात्यातला भीमा दिसला. अंगात इस्त्रीचा सदरा, शेजारी बायको, बायकोच्या शेजारी आई, आईच्या मांडीवर बाळ.

"कुठं निघाला, भीमाराव?"

"काय न्हाई, जरा बाजारात. तुमी?"

"आमी बी, बाजारात."

मागच्या बाकावर कारखान्यातलाच कानिफनाथ बाजारात निघाला होता. त्याच्या पुढे, तोही कारखान्यातलाच, अलीम, बायको जहिरा आणि सासूला घेऊन बाजारात निघाला होता. श्रीरामपूरचा बाजार त्या दिवशी नव्हता, हे सगळ्यांना माहीत असल्याने कुणी तो विषय काढला नाही. वाढदिवस ही गोष्ट तेव्हा नवी होती, आणि नवी गोष्ट अंगावर असली की माणूस ती नव्या चपलेसारखी पायाखाली लपवून चालतो. बसमध्ये वासाचं तेल आणि कोवळी बाळं यांचा एकच दरवळ सुटला होता. कंडक्टर वैतागून म्हणाला, "आज काय बारसं हाय का कुठं?"

सगळी मंडळी एकाच थांब्यावर उतरली. एकमेकांना "येतो मग" म्हणून निरोप दिला. मग एकाच गल्लीत वळली आणि एकाच दारात पुन्हा भेटली.

"तुमी बी?" भीमा म्हणाला.

"परिपत्रक हाय ना," मच्छिंद्र म्हणाला.

अलीम हसायला लागला. "अरे, गुरुजीनं सगळ्यांना जुळं करून ठेवलंय!"

गल्ल्यावरचे शेठ उठून उभे राहिले. इतके वाढदिवस त्यांनी एका वेळी पाहिले नव्हते. फॅमिली रूम एकच होती. कुणाला द्यायची, हा पेच एखाद्या कमी अनुभवी माणसाला सुटला नसता. पण शेठ तीस वर्षं जेवणाच्या धंद्यात होते.

"लेडीज समद्या आत घ्या," ते म्हणाले, "जेन्टस बाहेर. म्हंजी कुनाचीच गैरसोय नाय."

कुणाचीच झाली नाही. पुरुष मंडळी बाहेर टेबलं जोडून बसली आणि बायका, सासवा, बाळं, पिशव्या आत. परिपत्रकात 'कुटुंबासह' असं म्हटलं होतं, 'कुटुंबासमोर' असं नव्हे. पडद्याच्या आड जाताना राहीने मागे वळून पाहिलं. मच्छिंद्रनेही तिच्याकडे पाहिलं, खिशातला अडकित्ता काढून तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "ऱ्हाऊ दे तुझ्याजवळ." वाढदिवसाच्या दिवशी दोघांत झालेलं संभाषण ते एवढंच.

फॅमिली रूममध्ये खरोखरच अलीकडे खुर्ची होती आणि पलीकडे खुर्ची होती. पलीकडच्या खुर्चीवर बनुबाई मांडी घालून बसल्या.

"पाय खाली सोडून जेवायचं? आन्न पोटात न जाता पायात उतरंल की!"

ताटं आली, अर्थात आधी बाहेर, मग आत. बनुबाईंनी पुरी उजेडात धरून पाहिली, भाजीत मीठ जास्त, वरणात कमी आणि शिऱ्यात बेताचं असल्याचा निकाल दिला, आणि सगळं संपवलं. भीमाची आई आणि अलीमची सासू यांचं कंबरदुखीवर चटकन एकमत झालं. जहिराने राहीच्या मांडीवरचं बाळ घेतलं, "खा गं तू, निवांत," म्हणाली, आणि राहीच्या लक्षात आलं की गरम पुरी आपण आज कित्येक दिवसांनी खातो आहोत. ती गोड लागली, याचा तिला थोडा रागही आला.

तेवढ्यात गोरक्षने जहिराच्या बांगड्या धरल्या, मान वर केली आणि खणखणीत म्हणाला, "बा!"

"बोलला!" बनुबाई ओरडल्या. "माझ्याकडं बघून बोलला! पयल्यांदाच!"

राहीने तोंड उघडलं होतं, ते पुरीवर मिटलं. पाणी घेऊन आलेला वेटर बातमी घेऊन बाहेर गेला. बाहेर "मच्छिंद्रराव, पोरगं बोलाया लागलं!" असा गिल्ला झाला, शेठनी एक शिरा जादा पाठवला, आणि मच्छिंद्रला बाप झाल्याची खबर अशा प्रकारे शिऱ्याच्या बशीबरोबर पोचती झाली.

पडद्याला बाजूने एक फट होती. राही थोडी पुढे सरकली. जोडलेल्या टेबलांच्या पार टोकाला मच्छिंद्र बसला होता, नेमका समोरून. शिऱ्याचा घास त्याने तोंडात घातला आणि डोळे मिटले. प्रत्येक घासाला तो डोळे मिटत होता, देवळात मिटतात तसे. एका गालाने चावत होता. हे कुणीच तिला सांगितलं नव्हतं. तिने आपल्या बशीतला शिरा उचलला आणि त्याचा पुढचा घास तोंडाशी जायची वाट पाहिली. त्याने घेतला. तिनेही घेतला. मध्ये पडदा होता, भीमा होता, अलीम होता, पाण्याची पिंपं होती. पण घास एका वेळी घेतला गेला, हे नमूद करणे भाग आहे.

इथवर वाचून आलेल्यांनी आपल्या वडिलांच्या दाखल्यावरची तारीख एव्हाना मनातल्या मनात आठवून पाहिलीच असेल. बहुतेकांची एक जून निघाली असेल. त्यांचे अभिनंदन.

फट दिसली की पोर तिथे डोकं घालणारच. छबूने राहीच्या काखेतून मान बाहेर काढली. राहीचं नाव शाळेत कुणी घातलं नव्हतं, पण भावाच्या पुस्तकांवरून तिला लिहिता-वाचता येऊ लागलं होतं, त्यामुळे छबूच्या सगळ्या प्रश्नांचं खातं घरात तिच्याकडे होतं, आणि आजवर एकही प्रश्न तिने परत पाठवला नव्हता.

"काकी, आज काकाचा वाढदिस ना?"

"व्हय."

"अन् त्यो टोपीवाला?"

"भीमाकाका. तेंचा बी आजच."

"त्यो दाढीवाला? अन् त्यो जाडा? अन् पार कोपऱ्यातला?"

"समद्यांचाच गं. समदे बाप्ये एक जूनला जल्मले. गप शिरा खा."

छबूने मान आत घेतली. तिने आजीकडे पाहिलं. भीमाच्या आईकडे पाहिलं, अलीमच्या सासूकडे, जहिराकडे, मांडीवरच्या सगळ्या बाळांच्या सगळ्या आयांकडे पाहिलं. मग बोट चाटत राहीकडे वळली.

"मंग काकी, बाया कवा जल्मत्यात?"