मेश्रामांनी मेन स्विच का ओढला

मेश्राम कुणाशीही हात मिळवताना आधी हाताची पाठ लावून पाहत. समोरचा माणूस शॉक देत नाही अशी खात्री पटली, की मग तळवा पुढे. डावा हात कायम पँटच्या खिशात. नमस्कारसुद्धा एकाच हाताने. कोथरूडच्या आमच्या सोसायटीत नव्याने आलेल्यांना हा माणूस शिष्ट वाटे. जुन्यांना तशी खात्रीच होती.

मी सेक्रेटरी असल्यामुळे मी सरळ विचारलं. ते म्हणाले, ‘तळव्याला करंट लागला तर मूठ आवळते जी, तार सुटत नाही. पाठीला लागला तर हात मागे येतो. अन् दोन्ही हात लावले, तर करंट छातीतून जातो.’

‘अहो, पण मी माणूस आहे!’

‘असाल. जन्म रेडिओ केंद्रात इंजिनिअरकीत गेला, सवय जात नाही.’

निवृत्तीनंतर नागपूरचे मेश्राम आमच्या तळमजल्यावर एकटेच राहत. पत्नी वारलेली, मुलगी सासरी. त्या काळात पुण्यात आयटी कंपन्या निघत होत्या आणि पहिला पगार झाला की मुलं जुन्या बाजारातून व्हॉल्व्हवाले विलायती गिटार अँप्लिफायर उचलून आणत. ट्रंकेएवढं ते धूड मग दुरुस्तीला मेश्रामांकडे येई. बिघाड काय, हे ते विचारतच नसत. आधी प्लग बघत. दोनच पिना दिसल्या की म्हणत, ‘हा अँप्लिफायर नाही जी, सापळा आहे.’ आतला एखादा जुना भाग गळायला लागला, की करंट पेटीत उतरतो आणि पेटीतून गिटारच्या तारांत. म्हणून ते अर्थिंगची तिसरी वायर स्वतः जोडून देत. त्याशिवाय यंत्र घराबाहेर सोडत नसत.

‘काका, पण वाजतंय की,’ मुलं कुरकुरत.

‘वाजतंय म्हणजे बरोबर आहे असं नाही जी.’

हे वाक्य ते मिक्सरबद्दल म्हणत, गिझरबद्दल म्हणत, आणि एकदा दुसऱ्या मजल्यावरच्या नव्या जोडप्याबद्दलही म्हणाले होते.

पण आमच्याकडे मेश्रामांची ओळख एकच उरली: ऐन गणपतीत ज्यांनी लाइट घालवली ते. हे मला आज दुरुस्त करायचं आहे.

त्या वर्षी सोसायटीतल्या सुमनताईंचा मुलगा अनिकेत मांडवात गिटार वाजवून गाणार होता. अँप्लिफायर जुनाच, मेश्रामांनी तिसरी वायर घातलेला. मांडवातल्या स्पीकरला जोडल्यावर त्यातून सारखा गूंऽऽ असा आवाज येऊ लागला. पाहुण्यांची गाडी दारात. साउंडवाला म्हणाला, ‘अर्थिंग काढली की जाईल, साहेब.’

‘मग काढा की,’ मी म्हणालो.

आवाज गेला. सगळ्यांना बरं वाटलं. पहिल्या रांगेतले मेश्राम मात्र ताडकन उठले. ‘आवाज काहून बंद झाला?’

ते स्टेजवर चढले आणि कुणी काही म्हणायच्या आत त्यांनी गिटारच्या तारेला टेस्टर लावला. मी शेजारीच होतो. टेस्टर लख्ख पेटला. अनिकेतचे हात तारांवर होते आणि तो अर्थिंग असलेल्या लोखंडी माइकला ओठ लावायला वाकत होता; लागले असते, तर करंट त्याच्या छातीतून गेला असता. ओरडून उपयोग नव्हता, पाहुण्यांच्या स्वागताचे ढोल चालू होते. मेश्रामांनी दोन ढांगांत मेन स्विच गाठला आणि ओढला.

मांडवभर अंधार. पाहुण्यांच्या हातातला नारळ कुणाच्या तरी पायावर पडला.

‘काय हो मेश्राम,’ सोसायटीतले देशपांडे कडाडले, ‘आपल्याला मुलांचं गाणं बघवत नाही का?’

‘नाही बघवत जी,’ मेश्राम म्हणाले आणि घरी गेले.

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्याकडे गेलो. ‘मीटिंगमध्ये सगळं सांगून टाकतो.’

‘नका सांगू, सेक्रेटरीसाहेब. सुमनताई घाबरतील. पोराला गिटारला पुन्हा हात लावू देणार नाहीत.’

मी मान डोलावली. त्यांच्या शब्दाखातर गप्प राहिलो, असं मी पुढे स्वतःला सांगत आलो. पण वायर काढायला लावणारा मी होतो, आणि गप्प राहणं मला सोयीचंच होतं. मीटिंगमध्ये त्यांच्या निषेधाचा ठराव झाला, त्यालाही मी हात वर केला. आज सुमनताई नाहीत, मेश्रामही नाहीत. लपायला मला आता आडोसा उरलेला नाही.

ठराव झाला त्याच रविवारी ठरावाची प्रत द्यायला मी त्यांच्याकडे गेलो. आत अनिकेत वाजवत बसला होता, एकाच जागी पुन्हा पुन्हा चुकत होता. मेश्रामांनी कागद न वाचता फ्रिजवर ठेवला.

‘काका, निघतो आता,’ अनिकेत म्हणाला. ‘आई वाट बघत असेल.’

‘हो, हो. जा न् बाबू.’

तो गेला. मीही वळलो, तेव्हा मला आतलं टेबल दिसलं. त्यावर दोन ताटं मांडलेली होती. मेश्राम त्यातलं एक उचलून फडताळात ठेवत होते.